राज्यांची परदेशी मैत्री: अधिकार कुणाचा, आणि हाती काय लागतं?

उंबरठा

मागच्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात कामासाठी दीड तास बाकड्यावर बसून होतो. समोर काचेचं कपाट. त्यात परदेशी शिष्टमंडळांनी दिलेल्या भेटवस्तू: पितळी तबक, कुठल्याशा शहराची लाकडी किल्ली, एकाच ठोकळ्यात रोवलेले दोन देशांचे झेंडे, आणि काचेच्या पेटीतली एक जपानी बाहुली. पेटी उंच, कप्प्यात उभी मावेना, म्हणून आडवी ठेवलेली. बाहुली छताकडे बघत पडलेली. पेटीवर लाल पट्टी आणि त्यावर चार जपानी अक्षरं. मैत्रीचा काही संदेश असावा म्हणून फोटो काढून ठेवला.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरं आहेत, श्टुटगार्ट १९६८ पासून. कर्नाटकाची बव्हेरियाशी २००७ पासून भागीदारी, महाराष्ट्राची बाडेन-व्युर्टेंबर्गशी २०१५ पासून. परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे, हे आपण नागरिकशास्त्रात घोकलेलं. मग आपले मुख्यमंत्री परदेशात जाऊन नेमक्या कशावर सह्या करतात? आणि त्या सहीचं पुढे काय होतं? जाणकारांनी लिहावं. पक्षीय धुणी इथे नकोत.

सातवी_सूची

विषय आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

राज्यघटनेतल्या संघसूचीतली नोंद १० म्हणजे परराष्ट्र व्यवहार, नोंद १४ म्हणजे परदेशांशी तह व करार, नोंद ४१ म्हणजे परदेशांशी व्यापार. तिन्ही केंद्राच्या. शिवाय कलम २५३ नुसार एखादा तह अमलात आणायचा असेल तर संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. कागदावर राज्याला काहीच उरत नाही.

पण परदेशी माणूस आला की त्याला लागतं काय? जमीन, पाणी, वीज, रस्ता, पोलीस, कामगार. यातलं बहुतेक सगळं राज्याच्या हातात. दिल्ली त्याला धोरण देऊ शकते, चाकणमधला भूखंड देऊ शकत नाही. म्हणून तो दिल्लीत चहा पिऊन राज्याच्या राजधानीकडे वळतो.

राहिला सहीचा प्रश्न. मुख्यमंत्री सही करतात ती बहुधा सामंजस्य करारावर (एमओयू), आणि त्यात 'करार' हा शब्द उगाच आहे. कोर्टात उभं राहण्याइतकं बळ त्यात सहसा नसतं. 'आमचा असा असा विचार आहे' एवढंच दोघांनी लिहून दिलेलं असतं. आंतरराष्ट्रीय तह नसल्यामुळेच तो राज्याला करता येतो. त्याचा हलकेपणा हाच त्याचा परवाना, म्हणा ना.

इतर संघराज्यांत चित्र वेगळं आहे. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातल्या कलम ३२ नुसार तिथली राज्यं आपल्या कायदेकक्षेतल्या विषयांवर, केंद्राच्या संमतीने, परदेशाशी चक्क तह करू शकतात. स्विस कँटनांनाही तशी मुभा आहे. बेल्जियममध्ये १९९३ च्या घटनादुरुस्तीपासून प्रांत आपापल्या विषयांवर तह करतात. अमेरिकेत मात्र राज्यांना तह करायला घटनेनेच बंदी आहे. मॅसॅच्युसेट्सने १९९६ मध्ये ब्रह्मदेशाशी धंदा करणाऱ्या कंपन्यांकडून सरकारी खरेदी जवळजवळ बंद करणारा कायदा केला होता. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्दबातल ठरवला. हेतू कितीही चांगला असो, परराष्ट्र धोरण तुमचं काम नाही, असा एकूण सूर.

अरसिक

एवढं सगळं वाचून माझा प्रश्न तसाच उरतो: हा फोटो काढण्याचा कार्यक्रम आहे की नाही?

जानेवारी २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत महाराष्ट्राने १५ लाख कोटींच्या वरचे सामंजस्य करार केले. यादीत सगळ्यात मोठी नावं रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू. दोघांची मुख्य कार्यालयं मुंबईत. मंत्रालयापासून गाडीने जाता येईल अशा अंतरावरच्या माणसांशी सही करायला आल्प्समध्ये बर्फ तुडवत जायचं! बऱ्याच प्रकल्पांत परदेशी भांडवल किंवा तंत्रज्ञान आहे, असं सरकारचं म्हणणं. असेलही. पण मग त्या परदेशी भागीदाराचं नाव मथळ्यात का नसतं?

त्याआधी २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' या गुंतवणूक परिषदेला बारा लाख कोटींचा आकडा सांगितला होता. दर खेपेला आकडा नवा. मागच्या आकड्यातलं किती जमिनीवर आलं, ते सांगणारी पत्रकार परिषद कुणी पाहिली असेल तर कळवा.

गोदी

अरसिकराव, आकड्यांबद्दल सहमत. पण सगळंच फोटोपुरतं नसतं. मी मालवाहतुकीत आहे, तेव्हा माझ्या बाजूचं एक उदाहरण.

त्रिपुरातलं पालाटाणा वीज केंद्र. गॅसवर चालतं, ७२६ मेगावॅट. गॅस तिथेच मिळतो, अडचण यंत्रांची. अवाढव्य टर्बाइन कोलकात्याहून आगरताळ्याला न्यायची, तर गुवाहाटीवरून सोळाशे किलोमीटरचा वळसा. वाटेतल्या घाटरस्त्यांवर आणि पुलांवर तसली धुडं वळतच नाहीत. बांगलादेशातून सरळ गेलं तर अंतर एक तृतीयांश. शेवटी बांगलादेशाने वाट दिली. जहाजांनी नदीमार्गे आशुगंज बंदर, तिथून ट्रेलरने आगरताळा. ट्रेलरच्या वजनासाठी तितास नदीच्या पात्रात मातीचे भराव घातले, त्यावरून तिथल्या लोकांत ओरडही झाली. ती चुकीची नव्हती.

मोबदला काय? मार्च २०१६ पासून त्रिपुरातून बांगलादेशाला १०० मेगावॅट वीज सुरू झाली, आणि त्याच दिवशी कॉक्स बाजारच्या समुद्री केबलवरून त्रिपुराला इंटरनेट. करार अर्थातच केंद्राचे. पण या व्यवहारात त्रिपुराला वीजही हवी होती आणि वाटही, म्हणून आगरताळ्याने तो विषय कधी खाली पडू दिला नाही. मैत्री बोलायची असेल तर मी याला मैत्री म्हणेन. एकाला वाट हवी, दुसऱ्याला वीज.

याहून छोटं रूप म्हणजे सीमेवरचे हाट. मेघालयात कलाईचर इथे जुलै २०११ मध्ये पहिला सुरू झाला. सीमेला लागून कुंपण घातलेली जागा, आसपासच्या पाच किलोमीटरमधल्या गावांतले विक्रेते, ठरावीक दिवशी बाजार, मर्यादित खरेदी, सीमाशुल्क नाही. दावोसच्या आकड्यांपुढे ही चिल्लर आहे, पण इथे माल खरोखर हात बदलतो.

सातवी_सूची

गोदी, उत्तम उदाहरण. +१.

पाणवठा

त्रिपुराची दुसरी बाजू बंगालची. सप्टेंबर २०११. पंतप्रधान मनमोहनसिंग ढाक्याला निघालेले, तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा मसुदा तयार. ऐनवेळी ममता बॅनर्जींनी दौऱ्यातून अंग काढून घेतलं आणि तीस्ता करार राहिला तो राहिलाच. पाणी राज्याचा विषय. राज्य तह करू शकत नसलं तरी तह अडवू शकतं. उलट २०१५ मध्ये सीमा कराराला त्याच मुख्यमंत्र्यांनी साथ दिली, आणि १०० वी घटनादुरुस्ती होऊन एन्क्लेव्हांचा (एका देशाच्या दुसऱ्याच्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांचा) जुना गुंता सुटला.

बेल्जियमचा उल्लेख वर आलाच आहे. तिथल्या वालोनिया प्रांताने ऑक्टोबर २०१६ मध्ये अख्ख्या युरोपीय संघाचा कॅनडाशी व्यापार करार अडवून धरला होता. जेमतेम ३६ लाख लोकसंख्येचा प्रांत! कॅनडाचे पंतप्रधान सहीसाठी विमानात बसायचे थांबले. तीन दिवस उशिरा, जादा आश्वासनं घेऊन, ३० ऑक्टोबरला सही झाली.

राज्य फार पुढे गेलं तर केंद्र कान धरतं, त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. व्हिक्टोरिया राज्याने २०१८ मध्ये चीनच्या 'बेल्ट अँड रोड' उपक्रमात सामील होणारा सामंजस्य करार केला, २०१९ मध्ये त्याला जोडकरार. कॅनबेराने २०२० मध्ये खास कायदाच केला की राज्यांचे परदेशी सरकारांशी असलेले करार परराष्ट्रमंत्री रद्द करू शकतील. एप्रिल २०२१ मध्ये व्हिक्टोरियाचे दोन्ही कागद रद्द. सातवी_सूची म्हणतात तो 'हलका' कागद तेव्हा एकदम जड झाला. तेव्हा नुसता फोटो म्हणून सोडून देता येत नाही, अरसिकभौ.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये केरळने एका सनदी अधिकाऱ्याकडे 'बाह्य सहकार्य' अशी जबाबदारी दिली, तर परराष्ट्र मंत्रालयाने लगेच सुनावलं की हा विषय एकट्या केंद्राचा आहे. मला स्वतःला हा आक्षेप अतिशयोक्त वाटला. आखातात लाखो माणसं असलेल्या राज्याला कुणीतरी एक अधिकारी लागणारच. त्यांचं अनिवासी केरळीयांसाठीचं खातं १९९६ पासून आहे, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती.

अरसिक

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

अरसिक

पाणवठा, ठीक, कागद जड असू शकतो. मग अमरावती घ्या. २०१४ च्या डिसेंबरात आंध्रने सिंगापूरशी नव्या राजधानीसाठी सामंजस्य करार केला. सिंगापूरने आराखडा काढून दिला, तिथल्या कंपन्यांचा गट विकासक म्हणून ठरला. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि नोव्हेंबरात तो प्रकल्प 'परस्पर संमतीने' गुंडाळला. सिंगापूरसारख्या काटेकोर देशाची पाच वर्षं पाण्यात. आता पुढचा कुठला देश आंध्रच्या मुख्यमंत्र्यांच्या सहीवर डोळे मिटून विसंबेल?

आणि आपण मराठी माणसांनी आंध्रला हसू नये. आपल्याकडे एन्रॉन झालं, म्हणजे त्या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प. जून १९९२ मध्ये घाईघाईत सामंजस्य करार, १९९५ ला नवं सरकार, दाभोळ अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा, ऑगस्टात रद्द, आणि पुढच्याच वर्षी वाटाघाटी करून पहिल्यापेक्षा मोठा प्रकल्प! २००१ मध्ये वीज केंद्र बंद. बुडवला नाही, बुडाला.

सातवी_सूची

एन्रॉन फार बोलकं उदाहरण आहे, कारण तिथे अधिकाराचा पेच उघडा पडतो. वीज घेणार होतं राज्य वीज मंडळ. मंडळाची पत कंपनीला पुरेना, म्हणून राज्य सरकारची हमी. तीही पुरेना, म्हणून पहिल्या टप्प्याला केंद्राची प्रतिहमी. म्हणजे सही राज्याची, पण परदेशी सावकाराची नजर अखेर दिल्लीच्या तिजोरीवर.

हे घटनेतच आहे. कलम २९३ नुसार राज्याने कर्ज काढायचं ते भारताच्या हद्दीत. परदेशी बँकेचं किंवा सरकारचं कर्ज राज्याला हवं असेल तर ते केंद्रामार्फत येतं. केरळने २०१९ मध्ये वेगळी वाट काढली. पायाभूत सुविधांसाठीच्या आपल्या वैधानिक मंडळामार्फत लंडनमध्ये मसाला रोखे (परदेशात विकायचे, पण रुपयातले कर्जरोखे) विकले, २,१५० कोटी, व्याज ९.७२३ टक्के. कर्ज सरकारचं नाही, मंडळाचं, असा युक्तिवाद. कॅगने त्यावर आक्षेप घेतला. मला विचाराल तर डोकं चांगलं चालवलं, व्याज मात्र सणसणीत मोजलं.

वेरूळ_रोड

मैत्रीची सही आधी की काम आधी? आमच्याकडे क्रम उलटा होता.

अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकासाचा प्रकल्प जपानी कर्जावर १९९०च्या दशकात सुरू झाला, २००३ च्या सुमारास दुसरा टप्पा. लेण्यांची देखभाल, रस्ते, पाणी, झाडं, विमानतळ. कर्ज केंद्रामार्फत, काम राज्याच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या हाताने. वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राचा सामंजस्य करार झाला तो थेट २०१३ मध्ये, म्हणजे तिकडून माणसं येजा करायला लागून वीसेक वर्षं झाल्यावर. त्या प्रांतात कोयासान हे शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ आहे. तिथल्या विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसला, अनावरणाला मुख्यमंत्री गेले होते. त्याचा व्यापाराशी काही संबंध नाही, आणि नसला तरी माझं काही म्हणणं नाही. बुद्ध इथून तिकडे गेला, त्याला शतकं लोटली. त्यानंतर बाबासाहेब गेले.

जर्मनचा_तास

जर्मन शिकवते, म्हणून बाडेन-व्युर्टेंबर्गबद्दल लिहिते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने त्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांचं उद्दिष्ट: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, प्लंबर, आचारी वगैरे. कल्पना चांगली आहे. तिकडे माणसं कमी, इकडे काम कमी.

पण यात तीन कुलपं आहेत आणि किल्ल्या तीन ठिकाणी. व्हिसा देणार जर्मनीचं केंद्र सरकार. आपला आयटीआयचा दाखला तिकडच्या प्रशिक्षणाच्या तोडीचा आहे का, ते ठरवणारी तिसरीच यंत्रणा, धंद्यानुसार वेगळी. आणि भाषा? ती शिकवायला कुठलंच सरकार वर्गात येत नाही.

एका वर्गात माझ्याकडे वायरमनचं काम करणारा मुलगा होता. हात सोन्याचा. पंख्याचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय सांगायचा. पण नामाला तीन लिंगं आणि चार विभक्त्या आल्या की बिचारा घामाघूम. मी त्याला म्हटलं, अरे, मराठीतही तीन लिंगं आहेतच की, तो दिवा, ती वायर, ते बटण. क्षणभर विचार करून म्हणाला, "मॅडम, ती मला कुणी शिकवली नाहीत." काय उत्तर देणार! शून्यापासून बी-१ या मधल्या पातळीपर्यंत रोज तीन तास बसलं तरी आठ-नऊ महिने जातात. तेवढे महिने रोजंदारी बुडवून कोण बसेल? ज्या संस्थेसाठी मी शिकवत होते (नाव नको) तिथे चाळीस जणांच्या तुकडीतले चौदा शेवटपर्यंत टिकले. करारात आकडा दहा हजार लिहिता येतो. वर्गातला चाळिसावा माणूस का येईनासा झाला, ते विचारायला कुणीतरी नेमावं लागतं.

दुभाषी_मावशी

आता माझी पाळी. अठरा वर्षं जपानी-मराठी-इंग्रजी दुभाषी म्हणून अशा बैठकांना बसले आहे. ठिकाणं आणि नावं सांगणार नाही.

पहिली गोष्ट शब्दांची. जपानी माणूस 'केन्तो शिमासु' म्हणाला की शब्दशः अर्थ 'आम्ही विचार करू'. निम्म्याहून अधिक वेळा खरा अर्थ 'नाही'. आपला अधिकारी म्हणतो 'करून टाकू, काळजीच नको'. त्याचाही खरा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. एकदा दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ आली. मी दोन्ही सरळ भाषांतरित केली. दोन्ही बाजू खूश होऊन जेवायला गेल्या. त्या विषयावर पुढे एक पत्रही आलं-गेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका उपक्रमाच्या बैठका तीन वर्षं मी केल्या. आपल्याकडून दर वर्षी नवे साहेब. बदली. दर वर्षी नव्याने 'आमच्या राज्याची ओळख' ही तीच चित्रफीत, तीच बावीस मिनिटं. तिसऱ्या वर्षी मला ती पाठ झाली होती.

लोक म्हणतात जपानी लोक सातत्य ठेवतात. अहो, बदल्या त्यांच्याकडेही होतात, दर दोन-तीन वर्षांनी सरसकट! तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडूनही नवाच मुलगा आला होता, तिशीच्या आतला. पण त्याच्या हातात फाइल होती. 'हिकित्सुगी' म्हणतात त्याला, म्हणजे जागा सोडताना पुढच्याच्या हाती द्यायची सूत्रं. पहिल्या बैठकीत आपल्या कुठल्या साहेबांनी कुठली आकडेवारी पाठवायचं कबूल केलं होतं, ते तारखेसह त्यात लिहिलेलं. त्याने अत्यंत नम्रपणे विचारलं, ती आकडेवारी अजून मिळू शकेल का? आपल्या बाजूने सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ते साहेब तोवर दोन जिल्हे पलीकडे होते, आणि जाताना त्यांनी गाडीच्या किल्लीखेरीज काही सुपूर्द केलं असेल असं वाटत नाही.

अरसिक म्हणतात सरकार बदललं की मैत्री बुडते. माझ्या पाहण्यात ती त्याच्या कितीतरी आधी बुडते, साध्या बदलीत.

गोदी

मावशी, दंडवत. हे आमच्या धंद्यातही शंभर टक्के. पाळी बदलताना वहीत नोंद नसेल तर कंटेनर आठवडाभर यार्डात पडून राहतो.

अरसिकना एक जोड देतो, फाइलचंच उदाहरण. फोक्सवागनचा कारखाना आधी विशाखापट्टणमला जाणार, अशी हवा होती. २००५ मध्ये आंध्र सरकारने त्या नावाखाली एका भलत्याच कंपनीत अकरा कोटींच्या वर रक्कम घातली, पैसे गेले, सीबीआय चौकशी लागली. खरा कारखाना २००९ मध्ये चाकणला उभा राहिला, एमआयडीसीच्या जमिनीवर. एमआयडीसी १९६२ ची. मुख्यमंत्री किती आले-गेले, पण भूखंडाचा नकाशा आणि पाण्याची जोडणी दाखवायला तिथे कुणीतरी बसलेलं असतं.

अरसिक

हे पटलं. म्हणजे मी 'फोटो' म्हणत होतो तो प्रश्न फोटोचा नाहीच, फोटोनंतर टेबलावर कोण बसतं त्याचा आहे. (अवांतर: महाराष्ट्राच्या एक खिडकी कक्षाचं नावच 'मैत्री' आहे. खिडकी उघडी असली म्हणजे झालं.)

पाणवठा

केंद्रातही तसं टेबल आहे. परराष्ट्र मंत्रालयात २०१४ पासून राज्यांसाठी वेगळा विभाग आहे. पण मुख्यमंत्र्यांना परदेशी जायला राजकीय मंजुरी लागतेच, आणि ती नाकारलीही जाते. २०१९ मध्ये दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांना कोपनहेगनच्या हवामान परिषदेला जाता आलं नाही, त्यांनी व्हिडिओवरून भाषण केलं.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. विचारलं त्याच्या चौपट मिळालं. मावशी, ती बाहुली कुठल्या बैठकीतून आली असेल, ते आता डोळ्यांसमोर दिसतंय. पेटीवरच्या लाल पट्टीचा फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. सवडीने वाचून सांगा, काय संदेश आहे तो.

दुभाषी_मावशी

पाहिला. चार अक्षरं: आकाश, पृथ्वी, नाही, उपयोग. 'तेन्ची मुयो'. तत्त्वज्ञान वाटतं ना? हल्ली कित्येक जपानी लोकसुद्धा त्याचा चुकीचा अर्थ लावतात.

पार्सलवर चिकटवतात ती पट्टी आहे. 'पेटी उभीच ठेवा, आडवी-उलटी करू नका.'

उंबरठा

🙏 सोमवारी पुन्हा जायचंच आहे तिकडे. शिपायाला सांगून बघतो.